बी.ई. मेकॅनिकल, सध्या मुक्काम माग नंबर 14

सोळासतरा

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेनिमित्तानं दोन दिवस सुट्टी मिळालीय. होम मैदानावर एक चक्कर मारून झाली, म्हणून हे लिहायला बसलो. नोकरी मिळत नाही या विषयावर या फोरमवर भरपूर धागे आहेत, पण अप्रेंटिसशिप करताना नेमकं काय होतं ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

2024 ला बी.ई. मेकॅनिकल झालो. कॅम्पसला तीन कंपन्या आल्या, तिन्ही सॉफ्टवेअरच्या. मग वर्षभर चाकणला मित्रांच्या खोलीवर पडून इंटरव्ह्यू दिले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, अनुभव किती? शेवटी आई म्हणाली, परत ये, निदान खोलीचं भाडं तरी वाचेल. नॅट्सच्या (केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवर नाव नोंदवून ठेवलेलं होतं. तिथून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बोलावणं आलं. जून 2025, पदवीधर अप्रेंटिस, मेंटेनन्स विभाग, एक वर्ष, महिना 9000 रुपये.

घरी आनंद कमी, काळजी जास्त. महिनाभर आधीच, मे मध्ये, त्याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले होते. बाबा एसटीत आहेत, ते कधी फारसं बोलत नाहीत. पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "आत गेल्यावर आधी बाहेर यायची दारं किती ते मोज." मी मोजली. तीन. त्यातल्या एकापुढं सुताच्या पेट्यांची थप्पी होती. सुपरवायझरला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी थप्पी हलली होती. मला वाटलं, वा, इथं आपलं ऐकतात. त्यानंतर चार महिने माझं कुणी काहीही ऐकलं नाही.

माझ्या फाइलला एक छापील ट्रेनिंग प्रोग्रॅम आहे. पहिले तीन महिने विव्हिंग, मग युटिलिटी, मग प्रोसेसिंग, मग प्लॅनिंग. दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल भरायचा. तो एचआरवाले भरतात, मी सही करतो. पहिल्या अहवालात मला 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स शेड्यूलिंग' येत होतं. प्रत्यक्षात तोवर मी ग्रीसगन धरायला, झेरॉक्स आणायला आणि साहेबांची एक्सेल नीट करून द्यायला शिकलो होतो.

शेडमध्ये पाय ठेवला की काहीच ऐकू येत नाही. रेपियर माग धडधडत असतात, त्यात सगळे तेलुगू बोलतात, आणि मला फक्त मराठी आणि कामचलाऊ कानडी. पहिला तेलुगू शब्द शिकलो तो 'आगु'. म्हणजे थांब. मी चालू मागात हात घालणार होतो, तेव्हा तो माझ्या कानाशी ओरडून शिकवला गेला.

ओरडले ते आमचे जॉबर अण्णा. वय साधारण पंचावन्न, शिक्षण सातवी, आणि सोळा मागांची जबाबदारी. कागदोपत्री माझे ट्रेनर एक डेप्युटी मॅनेजर आहेत. आठवड्यातून एकदा ते मला "एव्हरीथिंग ओके?" विचारतात. शिकलो मी अण्णांकडून. पण त्यांनी शिकवलं असंही म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "अण्णा, या मशीनचं मॅन्युअल कुठं मिळेल?" त्यांनी हातात दोन तुटके दोरे दिले. "गाठ मार." मी मारली. त्यांनी ती नखानं चाचपली आणि कापून टाकली. "फणीतून जाईल का ही? पुन्हा मार." आठवडाभर विणकरी गाठ. बारीक, चपटी, ओढली तरी न सुटणारी. मला राग आला होता. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून मी दोऱ्याला गाठी मारतोय! मग हळूहळू लक्षात आलं की मागाचं कुठलंही काम काढलं की चार-दोन ताणे (उभे दोरे) तुटतातच. ते सांधता येत नसतील, तर विणकराला हाक मारावी लागते. एकदा हाक मारली की तो तुम्हाला पुन्हा मशीन उघडू देत नाही.

आता माग नंबर 14 ची गोष्ट. पण जेवायला बोलावतायत. उरलेलं रात्री.

शेंगाचटणी

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). 'चार महिने कुणी ऐकलं नाही' वाचून माझं पहिलं वर्ष आठवलं.

पूर्वभाग

जॉबर हा शब्द कितीतरी दिवसांनी वाचला. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये जॉबरच्या हाताखाली होते. जॉबरची मर्जी असेल तर नोकरी, असा तो काळ होता म्हणे. मिलचा भोंगा झाला की अर्ध्या गावाची घड्याळं लागायची. अवांतर झालं, पण गाठीची गोष्ट अगदी खरी. आजी म्हातारपणी डोळ्यांनी दिसत नसतानाही ती गाठ मारायची.

लगेचविचारतो

9000 फारच कमी आहेत. लाडका भाऊ योजनेत पदवीधराला 10 हजार मिळतात ना? मग तिकडं का नाही गेलात?

कलमकसाई

दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ होतेय. लाडका भाऊ म्हणतात ती राज्य सरकारची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिथं बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000 आणि पदवीधराला 10,000, मुदत सुरुवातीला सहा महिने, पुढं ती वाढवली. धागाकर्ता आहे तो शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 खाली. त्या कायद्यात पदवीधर आणि पदविकाधारक आले 1973 च्या दुरुस्तीनं. 2019 च्या नियमांप्रमाणे पदवीधराला किमान 9000, पदविकेला 8000, आणि त्यातला निम्मा भार केंद्र उचलतं. 36 टक्के वाढीची शिफारस केंद्रीय परिषदेनं मे 2025 मध्ये केली. वर्ष संपल्यावर मिळणारं प्रमाणपत्रही वेगळं, आणि ते केंद्राच्या पातळीवरचं.

'किमान' या शब्दाखाली रेघ मारा. कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही.

सोळासतरा

धन्यवाद कलमकसाई. मला निम्मे कंपनीकडून दहा तारखेच्या आत येतात. उरलेले थेट खात्यात येतात, कधी वेळेवर तर कधी दोन महिन्यांचे एकदम. दोन महिन्यांचे एकदम आले की आपण श्रीमंत झालो असं वाटतं आणि शनिवारी शीक खायला पैसे उडतात.

तर माग नंबर 14. थोडं तांत्रिक सांगतो, नाहीतर गंमत कळणार नाही. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. खालचा ग्राउंडचा, घट्ट ताणलेला. वरचा पाइलचा, सैल सोडलेला. बाण्याचे (आडवे) पहिले दोन धागे फणी थोडं अंतर ठेवून ठोकते. तिसऱ्याला ती पूर्ण पुढं येते आणि तिन्ही धागे एकदम ढकलते. घट्ट ताण्यावरून ते सरकत येतात, सैल ताणा मात्र त्यांच्यात पकडला जाऊन वर उभा राहतो. तो लूप. आपण अंग पुसतो तो हाच. लूप किती उंच, त्यावर टॉवेलचं वजन. 30 बाय 60 इंची, 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम) टॉवेल म्हणजे 520 ग्रॅमच्या आसपास. गिऱ्हाईक वजनावर माल घेतं, त्यामुळं कमी भरला तर परत आणि जास्त भरला तर सूत फुकट.

ऑक्टोबरमध्ये 14 नंबरवर लागोपाठच्या दोन टॉवेलांत वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक यायला लागला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "यू आर इंजिनिअर, फाइंड द रूट कॉज." चार महिन्यांतलं पहिलं खरं काम! मी पॅनलवरची सगळी सेटिंगं शेजारच्या 13 नंबरशी ताडून पाहिली. सारखीच. पाइल बीमच्या मोटरचा ड्राइव्ह तपासला, टेन्शनचा सेन्सर बदलला. एक पानी फिशबोन डायग्राम (कारणांचा माशाच्या काट्यासारखा तक्ता) काढला, रंगीत. फरक तसाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा डबा खाऊन आले. तळहात उघडा करून पाइलच्या दोऱ्यांवर ठेवला आणि नुसते उभे राहिले. मिनिटभर, डोळे दुसरीकडंच. मग म्हणाले, "हे श्वास घेईना." माग थांबवला. पाइलचा टेन्शन रोलर हातानं दाबून सोडला. तो परत आला, पण सावकाश, गुडघेदुखीचा माणूस उठतो तसा. मला म्हणाले, 13 नंबरचा दाबून बघ. त्याचा रोलर टचकन परत आला. मग माझ्याकडूनच झाकण काढून घेतलं, सोळा-सतराच्या पान्यानं (माझं इथलं नाव त्यावरूनच). बेअरिंगच्या कडेनं तेल पिऊन घट्ट झालेलं सुताचं तूस निघालं, मूठभर, काळं, जवळजवळ चामड्यासारखं. रोलर अडकला की पाइलवर ताण यायचा आणि लूप खुजे. मध्येच सुटला की लूप उंच.

"तुझ्या स्क्रीनला तूस दिसत नाय बे," एवढंच बोलले.

मी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच का नाही कळलं? म्हणाले, "पहिल्या दिवशी मला कोण विचारलं?"

ते खरंच होतं. तीन दिवस मी त्यांच्यासमोरून लॅपटॉप घेऊन ये-जा करत होतो, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शेंगाचटणी

"हे श्वास घेईना" 👌

माझंही लिहिते. डिप्लोमा मेकॅनिकल, चिंचोळी एमआयडीसीत एका मशीन शॉपला वर्षभर होते, क्वालिटी विभागात. कंपनीचं नाव नको. काम छान होतं. मायक्रोमीटर, बोअर गेज, सरफेस रफनेस. ग्राइंडिंगचा ऑपरेटर दहा मायक्रॉनचा फरक कूलंटच्या आवाजावरून ओळखायचा. मी आधी हसले होते. नंतर त्यानं सांगितलं की तपासायला आणलेला पार्ट गरम असतानाच मोजला, तर तो खोटं बोलतो. पंधरा मिनिटं ठेव, थंड होऊ दे, मग मोज. पुस्तकात 20 अंश सेल्सिअसला मोजा असं लिहिलेलंच असतं. पण सोलापुरात एप्रिलमध्ये 20 अंश कुठून आणायचे? तो मास्टर पीस (अचूक मापाचा नमुना) आणि जॉब (मोजायचा पार्ट) एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचा. दोघं सारखे तापतील आणि सारखे निवतील, म्हणजे तुलना खरी राहते.

त्रास होता तो वेगळा. त्या अख्ख्या शॉपमध्ये आम्ही दोघीच मुली, आणि बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत. जायला-यायला दहा मिनिटं. सुपरवायझर घड्याळ बघायचे. मी पाणी पिणं कमी केलं आणि मे महिन्यात चक्कर येऊन पडले. त्यानंतर शॉपच्या बाजूला सोय झाली. पडावं लागलं त्यासाठी.

लगेचविचारतो

ताई, पडल्यावर कंपनीनं खर्च दिला का? अप्रेंटिसला ईएसआय (कामगार विमा) असतं का?

शेंगाचटणी

ईएसआय नव्हतं. त्या दिवशीचा दवाखाना कंपनीनं केला. नंतरच्या तपासण्या मी केल्या.

कलमकसाई

या कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ नाही आणि ईएसआयही नाही, कारण कलम 18 प्रमाणे तो शिकणारा आहे, कामगार नाही. पण कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, कलम 16. आरोग्य, सुरक्षा आणि सोयींबद्दलचे कारखान्यांचे नियम अप्रेंटिसलाही लागू आहेत. म्हणजे स्वच्छतागृह हा हक्क होता, मेहेरबानी नव्हती.

पदवीधर आणि पदविका अप्रेंटिसना विभागाचे नेहमीचे तास. रात्री 10 ते सकाळी 6 पूर्वपरवानगीशिवाय ठेवायचं नाही, हा नियम ट्रेड अप्रेंटिसचा. ओव्हरटाइमला मात्र सगळ्यांनाच परवानगी लागते.

सोळासतरा

हे वाचून बरं झालं. दिवाळीआधी मला तिसऱ्या पाळीला यायला सांगितलं होतं, अकरा ते सात. एक्स्पोर्टची ऑर्डर आणि दोन फिटर गावाला. मी पाच रात्री गेलो. परवानगी-बिरवानगी काही माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या पाच रात्रींत जेवढं शिकलो तेवढं पाच महिन्यांत नाही. रात्री साहेब नसतात, त्यामुळं मशीन उघडायला कुणाला विचारावं लागत नाही. पण पाचव्या रात्री माझा डोळा लागला, तोही चालू मागाशेजारी टेकून. अण्णांनी खांदा धरून उठवलं आणि सुपरवायझरला सांगितलं, "पोराला उद्यापासून दिवसाला टाका, नाहीतर मी येत नाय." रात्रपाळी शिकायला चांगली की नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

दोनशेमाग

दुसरी बाजू लिहितो, शिव्या घालायला मोकळे आहात. माझा छोटा कारखाना आहे (दोनशे माग नाहीत, नाव हौसेचं). तीस किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेतो. पहिले चार महिने पोरगं फक्त बघतं आणि मोडतं. पुढचे चार महिने उपयोगाचं होतं. नवव्या महिन्यात चाकणहून फोन येतो आणि ते जातं. मागच्या पाच जणांपैकी चार गेले. पाचवा राहिला, कारण त्याची आई आजारी होती. मग आमचा जॉबर म्हणतो, "मालक, मी कशाला शिकवू? शिकला की जातोय." त्याला काय सांगू?

आणि तो तरी कशाला शिकवेल हो. आयुष्य घालवून तो जिथं आलाय, तिथं हा मुलगा तिसऱ्या वर्षी त्याचा साहेब म्हणून परत येणार.

पूर्वभाग

+1 शेवटच्या वाक्याला. अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात खरं वाक्य.

कुर्डुवाडीफास्ट

मी आयटीआय फिटर, रेल्वेच्या वर्कशॉपला ट्रेड अप्रेंटिस होतो. तिकडं गंमत उलटी. शिकवायला माणूस ठरलेला, वेळ ठरलेली, पहिले कित्येक दिवस नुसती कानस. लोखंडाचा चौकोन घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडं धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घास. हातावरचे फोड फुटून घट्टे पडले तेव्हा उजेड दिसायचा बंद झाला. पण प्रश्न विचारायची सोय नव्हती. सांगितलं तेवढंच.

सगळे रेल्वेत का घुसतात, तर लेव्हल 1 च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत 20 टक्के जागा तिथून अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना राखीव असतात. बाकी खाजगीत नोकरी देण्याचं बंधन नाही, बरोबर ना कलमकसाई?

कलमकसाई

बरोबर, कलम 22. करारात तसं लिहिलेलं नसेल तर मालकानं नोकरी दिलीच पाहिजे असं नाही, आणि उमेदवारानं घेतलीच पाहिजे असंही नाही. दोनशेमाग साहेब, दुसरा अर्धा तुमच्यासाठी. टिकवायचं असेल तर करारातच नोकरीचं लिहा, आकड्यासकट. चाकणचा फोन येण्याआधी.

दोनशेमाग

आकड्यासकट म्हणालात तिथंच गाडी अडते. तरी बघतो.

सोळासतरा

दोनशेमाग काका, तुमचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. अण्णांना मी कधी विचारलंच नव्हतं की मला का शिकवता. सुट्टी संपल्यावर विचारलं. ते म्हणाले, "तू डब्यात शेंगापोळी आणतोस." पुढं काही बोलायलाच तयार नाहीत.

सध्या मी युटिलिटीत आहे, म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, ह्युमिडिफिकेशन. शेडमधली हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर सूत कोरडं होऊन पटापट तुटतं. आणि आपल्याकडची हवा कशी आहे हे सोलापूरकरांना काय सांगायचं. बाहेर फुफाटा आणि आत पावसाळा. बॉयलर चालवायला मला परवानगी नाही, त्याला प्रमाणपत्रवाला अटेंडंट लागतो. माझ्याकडं पाणी तपासायचं काम आहे. बोअरचं पाणी इतकं जड की सॉफ्टनर नीट चालला नाही तर बॉयलरच्या नळ्यांवर चुन्याचा थर बसतो आणि कोळसा जास्त जळतो. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब, मग चिमूटभर पावडर. निळं झालं तर पाणी मऊ. वाइनसारखं लाल राहिलं तर सॉफ्टनरला मिठाचं पाणी द्यायची वेळ झाली.

गेल्या मंगळवारी सकाळी रंग जांभळट आला. ना लाल, ना निळा. रजिस्टरमध्ये आधीच्या पाळीनं 'ओके' लिहून ठेवलेलं. महिनाभराचं रजिस्टर चाळलं तर एकाच अक्षरात, एकाच पेनानं, तिन्ही पाळ्यांचे 'ओके' ओळीनं. मी 'जांभळा' असं लिहिलं. साहेब म्हणाले, हे काय लिहिलंस, ओके किंवा नॉट ओके लिही. मी 'नॉट ओके' लिहिलं. सॉफ्टनर बंद करून मीठ दिलं, दीड तास गेला, डाइंगवाले चिडले. संध्याकाळी पुन्हा तपासलं. निळा. तो निळा मी मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवला. ती म्हणाली, छान आहे, काय आहे हे?

शेंगाचटणी

😄 बीओई करणार का पुढं? बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा. अनुभवाची वर्षं भरावी लागतात, पण युटिलिटीत राहिलास तर होईल.

सोळासतरा

विचार आहे. जूनमध्ये वर्ष संपतं. चाकणहून फोन आलेला नाही, हे दोनशेमाग काकांच्या माहितीसाठी.

नवाभरती

सगळा धागा वाचला. सोमवारपासून मी पण लागतोय, पदविका टेक्सटाइल, अक्कलकोट रोडलाच. काय घेऊन जाऊ?

सोळासतरा

कागदपत्रांच्या तीन झेरॉक्स, आधार लिंक असलेलं बँक पासबुक. सुती शर्ट, आणि बाह्या आखूड किंवा घट्ट असू देत, लोंबणारं काही नको. कानाला बोळे मागून घे, स्वतःहून देत नाहीत. डबा दोघांपुरता ने. पहिल्या दिवशी कुणीतरी आपल्यातली भाकरी तुझ्यापुढं सरकवतोच, तेव्हा रिकाम्या हातानं बसायला लाज वाटते. आणि शर्टाच्या वरच्या खिशाला पेन लावू नकोस. वाकलास की थेट ताण्यावर पडतं, आणि मग दिवसभर गाठी मारत बसशील.